तर्रीचे दात आणि श्रीधरची पैज

९ नोव्हेंबर

तर्रीच्या तोंडाचा वास आता सोफ्यालाही यायला लागला! शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओठ वर करून दाखवला. मागच्या दाढांवर पिवळं, टणक कीट. "अजून दात हलत नाहीत. पण रोज घरी घासा. नाहीतर पुढं बेशुद्ध करून काढावे लागतील, आणि कुत्री म्हातारी आहे..." पुढचं मला कळलं.

संध्याकाळी श्रीधरला सांगितलं तर तो खो खो हसला. (तोंडावर 'अहो', इथे 'अरे'. वहीत माझं राज्य!) म्हणे, "कुत्रं कुठं दात घासू देते वं? ज्या दिवशी हे घासू देईन ना, त्या दिवशी मी खर्रा सोडीन. जाय!"

गालात खर्रा होताच. ती घोटलेल्या सुपारी-तंबाखूची पुडी लग्नाआधीपासून त्याच्या खिशात आहे. मी रडून पाहिलं, पुड्या फेकल्या, अबोला धरला. काही नाही. त्याच्या मावसभावाचं, कवडूचं, तोंड ह्याच खर्ऱ्यानं आवळत गेलं. शेवटी चमचासुद्धा आत जात नव्हता. तरी हा सुधारत नाही. पण आज स्वतःच्या तोंडानं बोलला! सासूबाईंना लगेच साक्षीला धरलं.

"आयकलं मी," आई म्हणाल्या. कान शाबूत आहेत त्यांचे, हवं तेव्हा.

१० नोव्हेंबर

सपशेल हरले. जबडा धरून तोंड उघडायला गेले तर तर्री सुटून पलंगाखाली. तिसरीच्या वर्गात रोज चाळीस तोंडं बंद करते मी, आणि घरातलं एक उघडता येत नाही! श्रीधर दारात उभा राहून मजा बघत होता.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "तोंड उघडायला सांगितलं कोणी? बंदच राहू द्या. फक्त ओठ वर करा आणि बाहेरून घासा." हात्तिच्या! आणि आपली पेस्ट चालत नाही, कुत्री गिळतात. त्यांची वेगळी मिळते.

गांधीबागेतलं दुकान बंद करून येताना ती श्रीधरनंच आणली. शत्रूनं रसद पुरवली! पण ट्यूबवर हे भलंमोठं कोंबडीचं चित्र. आमच्या आई माळकरी.

"काय आणलं गा श्रीधर हे? कोंबडी? माह्या घरात?"

"आई, कोंबडी नाही त्यात. नुसता वास आहे."

"मंग वास तरी काहून पायजे?"

शेवटी तह झाला. ट्यूब स्वयंपाकघराकडे फिरकायची नाही, बाथरूममध्येच राहायचं तिनं.

१५ नोव्हेंबर

बोटाला पेस्ट लावून नुसती चाटवली. आज एवढंच.

१९ नोव्हेंबर

ओठ वर करू देते! क्षणभरच. मग माझं मनगट चाटत बसते. शाळेत जाण्याआधी आम्ही दोघी ओसरीतल्या कोवळ्या उन्हात बसतो, ती माझ्या गुडघ्यांमध्ये. दात राहिले बाजूला, मला ही वेळच आवडायला लागली आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

घासले!! रबरी ब्रश बोटात घातला, ओठ वर केला. आधी सुळा, मग हळूहळू मागे, थेट शेवटच्या दाढेपर्यंत. तर्री डोळे मिटून बसून राहिली. श्रीधरला झोपेतून उठवून आणलं.

"एकच बाजू झाली ना?" म्हणाला. लबाड!

तिचं तोंड वळवलं आणि त्याच्यासमोर दुसरी बाजू घासली. आई माळ ओढता ओढता थांबल्या. "श्रीधर, शब्द देल्ला होता तू."

तो आत गेला, शर्टाच्या खिशातली पुडी आणली आणि कचऱ्यात टाकली. मोरीत जाऊन रडले. किती वर्षांनी आनंदानं रडले असेन!

२६ नोव्हेंबर

नुसती चिडचिड. मुठीमुठीनं बडीशेप खातो. दुकानातून सारखे फोन — "काय करून राहिली?" काम काहीच नसतं. संध्याकाळी तर्रीला घेऊन पार मनीषनगरभर फिरून येतो. पुडी मात्र नाही. मी खिसे तपासले. तपासणारच!

२९ नोव्हेंबर

हसून हसून पोट दुखलं आज. श्रीधरनं चष्म्याशिवाय कोंबडीच्या पेस्टनं दात घासले! घासून, गुळण्या करून, चहा पिऊन पेपर वाचत बसला. तर्री त्याचं तोंड हुंगायला आली ती हटेचना. मग मी ट्यूब पाहिली. झाकण उघडं! आई ओरडल्या, "पयले आंघोळ कर! देवघरात पाय नको ठेवू!" शाळेत सांगितलं तर सगळ्या बाया लोळल्या.

रात्री पुन्हा लिहिते आहे. एक गोष्ट मनातून जात नाही. सकाळी तो म्हणाला, "मले तं काही समजलंच नाई. पेस्टसारखी पेस्ट." त्या पेस्टच्या नुसत्या वासानं मला मळमळतं. त्याला चवच लागली नाही? आणि हल्ली पोह्यांवर तिखट रश्श्याची तर्री घेत नाही, झोंबते म्हणतो. मी समजत होते, वय झालं.

३० नोव्हेंबर

श्रीधरला ओसरीत उन्हाकडे तोंड करून बसवलं. म्हटलं, "आ करा."

"केला तं."

"अजून."

"एवढाच होते वं."

माझी दोन बोटं आत जाईनात. कवडूचा तो चमचा आठवला आणि मी हात मागे घेतला. तो हसला नाही, चिडला नाही. तर्रीची पाठ खाजवत म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जातो. तू येशील ना वं संग?"