मुखरूभाऊचा परवाना

रंगून,
१४ जानेवारी १९५५

ती. रंभावहिनीस गोविंदाचा साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. मायचा खोकला कसा आहे, धान घरी आलं का, तलावाच्या मासोळीत यंदा तुझा वाटा बरा निघाला का, सगळं कळव. हे पत्र गुरुजींकडे नेऊ नकोस. साक्षरतेच्या वर्गात शिकलीस तशी अक्षरं लावून तूच वाच.

तार मिळाली असेल. मुखरूभाऊ जिवंत आहे, धडधाकट आहे. सिरोंच्याच्या तेलुगू मजुरांबरोबर तो ब्रह्मदेशाला निघाला तेव्हा मी तुझा पदर धरून फिरत होतो. मग लढाई आली आणि त्याचा पत्ता हरवला. वखारीच्या शेठनी मला सागवान पारखायला इथे पाठवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "लाकूड पाहाजो, अन् जमलं तर मानूसबी पाहाजो." नदीच्या घाटावर तो सागाचे ओंडके वेलीनं बांधत होता. मी मागून हाक मारली.

तो वळला नाही. पाठमोराच म्हणाला, "बापाचा आवाज कुठून आला?"

"मी गोविंदा आहो, भाऊ."

तो ओंडक्यावर बसला. "माय आहे?"

"आहे. डोळ्यानं दिसत नाई आता, पन आहे."

तुझं नाव घेतलं तेव्हा तो उठून पुन्हा वेल आवळू लागला.

दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन निघालो असतो. पण इथे परदेशी माणसाजवळ नोंदणीचं कार्ड असावं लागतं आणि भाऊचं कार्ड झोपडी जळाली त्यात गेलं. कचेरीतले साहेब म्हणाले, "आमच्या दप्तरात हा माणूस या देशात आलेलाच नाही. आलाच नाही त्याला बाहेर जायचा परवाना कसा देऊ?" हा माणूस समोर उभा आहे, असं मी म्हटलं तर ते म्हणाले, उभं राहणं हा पुरावा नव्हे. आपल्या वकिलातीत गेलो तर तिथे म्हणतात, आधी इथल्या सरकारचा कागद आणा. इथले म्हणतात, आधी वकिलातीचा आणा. एवढ्यात माझ्याच व्हिसाची मुदत सरत आली. ती वाढवायला आणखी वेगळी खिडकी.

तरी माणसं चांगली भेटली. कचेरीतला एक म्हातारा कारकून मला बाकावर पाहून रोज चहा पाठवतो. भाषा येत नाही, म्हणून बोटानं खिडकी दाखवतो. आणि भाऊ राहतो त्या घराची मालकीण, मा म्या तिचं नाव, ती बाजारात मासोळी विकते. टोपली शेजारणीच्या हवाली करून आमच्याबरोबर कचेरीत येते आणि साहेबांशी आमच्या वतीनं भांडते. मला ताप आला तेव्हा तिनंच भाताची पेज करून पाजली. मा म्या नसती तर मी एव्हाना एकटाच परतलो असतो.

मायला सांग, भाऊ येतो आहे. कधी, ते कचेरीला ठाऊक.

तुझा
गोविंदा


रंगून,
२ मार्च १९५५

ती. रंभावहिनीस साष्टांग नमस्कार.

परवाना झाला.

युद्धाआधी भाऊला इथे पाहिलेले दोन साक्षीदार आणा, असं साहेबांनी शेवटी सांगितलं होतं. एक घाटावरच मिळाला. दुसरा, तराफ्यांचा जुना मुकादम राजय्या, नदीच्या वरच्या अंगाला कुठल्याशा गावी राहतो, एवढंच कळलं. भाऊचा धीर सुटला. तेव्हा मा म्या नावेत बसून निघाली. त्या भागात बंडखोरांची भीती असते, लोक दिवसासुद्धा जायला धजत नाहीत. परत आली तेव्हा राजय्या तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरला. पायानं पांगळा झालेला माणूस! साहेबांपुढे तो एवढंच बोलला, "याला मी पोहताना पाहिलंय. असं चांद्याकडचे ढीवर कोळीच पोहतात." साहेब हसले आणि त्यांनी शिक्का उचलला. म्हाताऱ्या कारकुनानं उठून भाऊचा हात हातात घेतला. मला रडू आलं, वहिनी. परक्या मुलखात कोणी कोणाचं नसतं म्हणतात, ते खोटं आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. भाऊच्या परवान्यावर दोन शिक्के आहेत. एक जाण्याचा, एक परत येण्याचा.

मा म्या घरमालकीण नाही. भाऊची बायको आहे. त्यांना एक मुलगी आहे, आठ वर्षांची. शाळेत तिचं नाव वेगळं आहे, पण घरी भाऊ तिला मायच्या नावानं, सुकरी म्हणून हाक मारतो. पहिल्या दिवशीच मला हे कळलं होतं. लिहायला बसलो की हात पुढे जाईना. तू या माणसासाठी कुंकू लावत राहिलीस, गाव काय काय बोललं ते मी ऐकलं आहे. दुसरा घरोबा कर म्हणून तुझा भाऊ न्यायला आला, तेव्हा आंधळ्या सासूला टाकून तू गेली नाहीस. मी कोणत्या शब्दांत लिहिणार होतो?

लढाईत सगळे हिंदी लोक पायी देशाकडे निघाले तेव्हा भाऊही निघाला होता. वाटेत पटकीनं पडला. सोबतचे पुढे गेले. मा म्याच्या बापानं त्याला नावेत घालून घरी नेलं आणि या पोरीनं त्याची हगवण काढली, त्याला जगवलं. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. नंतर तो पत्र लिहवून घेऊ शकला असता. मी त्याला तसं तोंडावर बोललो. तो म्हणाला, "लाज वाटे. अन् जितकी वर्सं गेली तितकी वाढतच गेली."

आता परवाना हातात असून तो निघत नाही. म्हणतो, "साहेबाचा शिक्का झाला. रंभा ये म्हनंल तरच येतो. नाई तर मायले सांगजो, परवाना भेटलाच नाई." मा म्याला मी विचारलं, तो परत आलाच नाही तर? तिनं मासोळी कापता कापता उत्तर दिलं. भाऊनं मला उलगडून सांगितलं: "त्याची आई माझ्याआधीची आहे."

परवान्याची मुदत थोडी आहे. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे. नको म्हणालीस तर मी एकटा येईन आणि या विषयावर पुन्हा बोलणार नाही.

तुझ्याच हातचं खाऊन मोठा झालेला,
गोविंदा


मु. पो. नागभीड,
१९ मार्च १९५५

चिरंजीव गोविंदास रंभाचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं हाये, समजून घेजो. दोन दिस लागले लिवाले.

तुह्या पयल्याच पत्रात मले समजलं होतं. घरमालकीन टोपली सोडून कचेरीत भांडाले जात नाई. मी बी मासोळी विकतो, मले माहीत हाये टोपली कोनासाठी सोडतेत. दुसरं पत्र येईपर्यंत माझं रडून झालं होतं. तलावावर जाऊन रडलो, घरी नाई. मायले समजू देल्लं नाई.

तू लिवलं, हे बरं केलं. नाई तर टेसनवर लोकाइसमोर समजलं असतं.

त्याले म्हनजो, ये. मायनं तार आयकल्यापासून खाट अंगनात टाकाले लावली. कोनी वाटेनं गेलं का विचारते, "मुखरू हाये का?" मी नाई म्हनाचं, हे मले जमनार नाई. येऊ दे, मायच्या हाताले हात लागू दे, मंग जाऊ दे त्याच्या लेकराकडं. मी अडवनार नाई. त्याले जेवाले वाढीन. बोलीन का नाई, ते आता सांगता येत नाई.

त्या बाईले माझा नमस्कार सांगजो. तिनं वाचवलं म्हनून बुढीले लेक भेटते. माझ्या मनात तिच्यासाठी राग होता, पन ती नावेत बसून गेली हे वाचलं अन् राग उतरला. सुक्या झिंग्याची पुडी धाडली असती, पन पोस्टवाला घेत नाई म्हनते. अन् नातीचं नाव सुकरी हाये, हे मी मायले सांगून देल्लं. बुढी दिसभर हासत होती.

माझी काळजी करू नोको. तलावाच्या सोसायटीत यंदा मले पंच केलं. मी कुठी जात नाई. माय मरतवरी माझी, अन् घर माझं हाये.

एक गोस्ट. लग्न होऊन आलो तवा तू शेंबडा होता. सासरच्या मानसाइत माह्या बाजूनं पत्र लिवनारा तूच एक निंगाला. आतापासून मले वहिनी नोको म्हनू. बाई म्हन.

तुही मोठी बहीन,
रंभाबाई