भिंगरीचा डावा पाय

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरी सुखरूप पोचली. महिनाभर मावशीच्या नाचाच्या वर्गात मिरवून आल्यापासून घरात साधं चालणं बंद आहे, सगळं ठेक्यावर. पण एक विचारायचंय. नाचताना ती डावा पाय उचलत नाही, फरशीवरून ओढत नेते. तिथे पडली होती का? मी रागावणार नाही. फोनवर तू विषय बदलण्यात पटाईत, म्हणून मुद्दाम पत्र.

हाडांच्या डॉक्टरांनी पाय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. तरी जिवाला घोर लागलाय.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझे डॉक्टर! पोरगी पाच वर्षांची आहे, आज पाय ओढेल, उद्या नाक मुरडेल. पडली-बिडली नाही. तुला ताल शिकवताना आईने कपाळावर हात मारून घेतला होता, तेव्हा पायांबद्दल तू न बोललेलं बरं.

वर्गाला सध्या सुट्टी आहे. हॉलची फरशी बदलताहेत.

आहे तसा लोभ राहू दे.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरी पळताना, जिना चढताना पाय नीट उचलते. गाणं लागलं की ओढते. काल मी पाय उचल म्हटलं तर रडायलाच लागली. म्हणाली, मावशी असंच शिकवते, आईला काही येत नाही.

ताई, तू मुलींकडे तोंड करून शिकवतेस. तुझा उजवा हात वर गेला की त्यांचा डावा जातो. मीही तुझ्यासमोर उभी राहिलेय, हे विसरलीस. तुझ्या उजव्या पायाला काय झालंय? मला भीती वाटतेय. खरं लिही.

तुझीच
धाकटी

२२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नसांचा आजार आहे. हिवाळ्यात बोटं गेली, मग घोटा. दोन डॉक्टर झाले. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही जाणार, यावर दोघांचं एकमत आहे. तेव्हा आशा वगैरे लिहून कागद वाया घालवू नकोस.

पोरींना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. इतके दिवस माझ्याच पायाकडे बघून शिकवत होते. तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी मुलींचा कार्यक्रम होता, म्हणून त्यांच्या पायांकडे बघितलं. अकराही जणी एका तालात डावा पाय ओढत पुढे आल्या. एकीचीही चूक नाही. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्यामागे भिंत धरून रडले.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून शिकवायला घेतलं, तर अकराही जणी खाली बसल्या. सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. एवढ्या लहानांना सांगून येत नाही, बघून येतं. त्याच दिवशी वर्ग बंद केला. फरशी कोणी बदलत नाहीये.

आता एकच काम कर. सवय मुरायच्या आत मोडायला हवी. गाणं लाव, भिंगरीसमोर तिच्याकडे तोंड करून उभी राहा आणि तुझा उजवा पाय उचल. तुला ताल नाही, नसू दे. पाय उचलता येतो ना, तेवढं पुरे.

तुझी ताई