कुसुमचा बस्ता आणि फिरंजेची दुकानं

प्रिय कुसुमचे बाबा,

'प्रिय' हा शब्द तुमच्यासाठी आज पहिल्यांदाच लिहिला. तुम्ही असताना लिहिला असता तर कागद घेऊन पाडाभर दाखवत हिंडला असतात, म्हणून इतकी वर्षं जपून ठेवला होता!

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. काल मुरबाडला जाऊन कुसुमच्या लग्नाचा बस्ता बांधला. मी बाजारातून आले की डोक्यावरची पाटी उतरवायच्या आधी तुम्ही विचारायचात, "हां, बोल आता. कंच्या दुकानात गेलीस? काय काय बगितलंस?" काल घरी आले, पाय धुतले, ओटीवर येऊन बसले, तर कुणी विचारलंच नाही. सगळे आपापल्या कामाला लागले. पोटात एवढं सगळं साठवून ठेवायचं तरी कुठे? म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्ही जिथे असाल तिथे ऐका.

लग्नानंतर आपण पहिल्यांदा मुरबाडच्या बाजाराला निघालो, ते आठवतं? काळू नदीच्या उतारावर पाणी गुडघ्याला लागत होतं. मी लुगडं सावरू की पाटी सावरू, या पंचाईतीत. आणि तुम्ही पाण्याच्या मधोमध थांबून म्हणालात, "आता आपण पुलावर आलो. फिरंजेचा पूल. दोनी बाजूला सोनारांची दुकानं. डाव्या अंगाला बघ गो, काय नक्षी हाय!" मी डावीकडे बघितलं. तिथे म्हशी डुंबत होत्या. माणूस जरा वेडा दिसतो, असं मनात आलं. खोटं कशाला सांगू?

फिरंजे म्हणजे इटलीतलं शहर, आणि पुस्तकात त्याला फ्लॉरेन्स म्हणतात, हे मला पुढे कुसुमच्या भूगोलातून कळलं. लढाईत तुम्ही तिकडे होता. पायाची जखम भरत आली तेव्हा साहेबाने रजा दिली, आणि त्या रजेत तुम्ही काय केलंत? दुकानं बघत फिरलात! थोरले भाऊजी पुढे तुम्हाला भर ओसरीत विचारायचे, "तू लढाईला गेलतास का बाजाराला रं?"

मग मुरबाडची वाट मुरबाडची राहिलीच नाही. चिंचेच्या झाडापाशी टोप्यांचा बाजार लागायचा. पेंढ्याच्या टोप्या! आपण पेंढा गुरांपुढे टाकतो, आणि तिकडच्या मडमा तोच विणून डोक्यावर मिरवतात, हे ऐकून मी किती हसले होते. बाजाराच्या तोंडाशी पितळेचं रानडुक्कर बसवलेलं. आपण रात्र रात्र जागून ज्याला शेतातून हाकलतो, त्याच्या नाकावरून तिथले लोक हात फिरवतात आणि हात फिरवला की माणूस पुन्हा त्या गावात येतो म्हणे. टेकडाच्या वळणावर हातमोज्यांचं दुकान. तिथे उशीवर कोपर टेकायचं, मग बाई बोटांवर भुकटी टाकून अलगद मोजा चढवते, कासार बांगड्या भरतो तशी. रेशीम घ्यायचं तर देवळामागच्या गल्लीत, कातड्याचं पाकीट घ्यायचं तर नदीपलीकडे. मी तोवर कल्याणसुद्धा बघितलेलं नव्हतं, पण फिरंजेत कुणी डोळे बांधून सोडलं असतं तरी चुकले नसते.

डुकराच्या नाकाला तुम्ही हात लावला होता ना? मग परत गेला कसे नाहीत? का आता गेलात? दुपारी अंगणात कुणी नसलं की मला तसंच वाटतं. तुम्ही कुठल्याशा काचेसमोर उभे आहात, मागे हात बांधून, आणि आतलं सगळं नीट बघून ठेवताय. मला सांगायचं म्हणून.

लढाईचं मात्र कधी बोलला नाहीत. एकदाच मी विचारलं. तुम्ही भाताच्या पेंढ्या रचत होता. हात न थांबवता म्हणालात, "मराण सगळीकडं सारखंच गो. दुकान तसं नाय." पुन्हा मी विचारलं नाही.

एवढ्या दुकानांपैकी तुम्ही आत गेलात ते एकाच. बाकी सगळीकडे बाहेर उभे. "आपले बूट चिखलाचे, त्यांची फरशी आरशासारखी. आत कसं शिरायचं?" एका गल्लीत जाळीच्या कापडाचं दुकान होतं. मालकीण म्हातारी, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. तिनेच दारात येऊन तुमचा हात धरला आणि आत नेऊन खुर्चीवर बसवलं. बायको केवढी, असं खुणेने विचारलं. तुमचं तर लग्नही झालेलं नव्हतं! तरी तुम्ही स्वतःच्या खांद्याला हात लावून दाखवलात. आणि मी बरोबर तुमच्या खांद्यालाच लागत होते. ही काय जादू केलीत हो?

जादू केलीत, पण अक्कल वापरली नाहीत. पांढऱ्या, पिवळ्या ओढण्या सोडून तिच्या अंगावर होती तसलीच दाखवलीत आणि तीच आणलीत. नवी नवरी घरात आलेली, आणि पेटीतून निघालं काळं! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आक्खा बाजार फिरलास नि तुला काळंच गावलं?" मग तोडही त्यांनीच काढली. संक्रांतीला काळं चालतं. त्या संक्रांतीला मी ती जाळी डोक्यावरून घेऊन हळदीकुंकवाला गेले, आणि बायका वाण घ्यायचं सोडून मलाच बघत बसल्या.

ती म्हातारी काळं का घालते, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "नवरा मेला गो तिचा. तिकडं मग जन्मभर काळंच."

"आणि दुकानात बसते?"

"बसते काय! सगळ्या नवऱ्या तिच्याकडंच येतात. ती कापड दारात नेते, उन्हात धरते. रंग नि वीण उजेडातच कळतात. मग नवरी तिच्या दोनी गालांचे मुके घेते."

मुके ऐकून मी पदरात तोंड लपवलं. नवऱ्या विधवेकडे येतात, हे मात्र ऐकून सोडून दिलं. तेव्हा माझ्या कपाळावर कुंकू होतं. माझं काय अडलं होतं?

दोन पावसाळे झाले तुम्हाला जाऊन. कुसुमचं वैशाखरे गावात जमलं. मुलगा चांगला आहे, शांत आहे, मोजकं बोलतो. थोडक्यात, तुमच्यासारखा नाही! बस्त्याचा दिवस ठरला आणि थोरल्या भाऊजींनी ओसरीवरून जाऊबाईंना सांगितलं, म्हणजे मला ऐकवलं, "तिला सांग, बस्त्याला सवाष्णी जातात. तिनं घरी रावावं."

मी जाऊबाईंना तुमच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. त्या वाईट नाहीत हो. तुमच्या आजारपणात भाकरी त्यांनीच थापल्या. पण म्हणाल्या, "तुझ्या फिरंजेत असंल तसं. आमी मुरबाडला चाललोय. रीतच हाय गो, मी तरी काय करू?"

कुसुमला मी पोटात वाढवली, काखेत घेऊन भात लावला, गोवरात तिच्या उशाशी बसून राहिले. आणि तिचं लुगडं निवडायला मी अपशकुनी! तुमचाच राग आला मला. भलत्या वेळी उठून गेलात, आणि तुमच्या जाण्याचा दोष माझ्या कपाळी ठेवून गेलात.

सकाळी गाडी जुंपली तेव्हा मी सरळ जाऊन मागे बसले. भाऊजींनी वळून बघितलं आणि बैल हाकले. दुकानापाशी मात्र उतरल्यावर जाऊबाईंनी माझा हात दाबला. "हितंच बस. आत नको येऊस." वैशाखऱ्याची मंडळी समोर उभी. तमाशा कशाला, म्हणून मी पायरीवर टेकले. कुसुम आत जाताना माझ्याकडे बघत बघत गेली.

त्या पायरीवर मला तुम्ही दिसलात. चिखलाच्या बुटातले, काचेबाहेरचे. इतकी वर्षं मी तुमच्याबरोबर सगळ्या दुकानांच्या आत फिरत होते, पण तुम्ही बाहेर उभे होता, हे काल अंगाला लागलं.

आत अंधार. भर दिवसा कंदील लावलेला. पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, आणि शेठ एकेक घडी मोडतोय. जाऊबाईंनी एक लाल उचलली, सगळे मान हलवायला लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "कुसुम, उजेडात आण गो ती."

ती आली, माझ्या मांडीवर साडी पसरली. उन्हात तो लाल रंग विटक्या विटेसारखा निघाला. कुसुम सावळी, तिला त्याने खाऊन टाकलं असतं. "ही नको," मी म्हटलं. ती दुसरी घेऊन आली. मग तिसरी. मग शेठच उठून साड्या दारात आणायला लागला. विहीणबाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, पदराखालच्या माझ्या मोकळ्या कपाळाकडेही बघितलं, आणि म्हणाल्या, "सरका जरा. हितं खरंच बरं दिसतंय." माझ्या शेजारी पायरीवर बसल्या हो! शेवटी जाऊबाईसुद्धा आल्या. अख्खा बस्ता त्या पायरीवर निवडला. कुसुमला मोरपंखी घेतली, बारीक जरीची. तिने ती खांद्यावर टाकली, आणि तुमचं नाक, तुमचं हसू तिच्या तोंडावर असं काही उमटलं की मला बघवेना.

बांधलेल्या बस्त्याला हळदकुंकू मात्र आत नेऊन जाऊबाईंनीच लावलं. मी पायरीवरून बघितलं.

येताना कुसुम माझ्या खांद्यावर मान टाकून पेंगत होती. उन्हं उतरली होती. गाडी काळूच्या पाण्यात शिरली, चाकांचा आवाज मऊ झाला, आणि मी डावीकडे बघितलं. सगळे सोनार आपापल्या दुकानात बसले होते. पाणी पिवळंजर्द. म्हशी कुठे होत्या कोण जाणे.

घरी आल्यावर एक मात्र कळलं. पायरीवर बसून बस्ता जमला. पण मांडवाला पायरी नसते. तिथे माणूस आत तरी असतं, नाहीतर माजघराच्या दाराआड तरी. कन्यादानाला भाऊजी आणि जाऊबाई बसणार, असं मला न विचारताच ठरलेलं आहे.

म्हणून आज सकाळी, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा, मी भाऊजींशी समोरासमोर बोलले. म्हटलं, "भावजी, कुसुमचा हात मी देणार. पाट दोन मांडा."

त्यांनी विचारलं, "एकीला दोन पाट कशाला?"

"दुसरा त्यांचा."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि खळ्याकडे निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तुमचेच भाऊ ना! जाऊबाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. पण थोड्या वेळाने बघते तर त्यांनी माळ्यावरचे पाट काढून अंगणात धुवायला टाकले होते. किती होते ते मी मुद्दाम बघितलं नाही.

तेव्हा ऐका. मी तुम्हाला शब्द देते. त्या दिवशी मी माजघरात बसणार नाही. कुणी उठवलं तरी उठणार नाही, कुणी रडलं-भेकलं तरी नाही. पाट एक धुतलेला असो की दोन, दुसरा पाट मी स्वतः मांडेन, आणि त्यावर कुणालाही बसू देणार नाही. पोरीचा हात देताना माझा डावा हात मोकळा ठेवीन, तुमच्या बाजूचा. तुम्ही त्या दिवशी बाहेर उभे राहू नका. आत या.

तुमची,
कुसुमची आई