विश्व वाढतंय, मग माझं शेत का घटतंय?

चि. तेजस्विनीस भगवंततात्याचे अनेक आशीर्वाद. (चिरंजीव लिहावं की डॉक्टर, या विचारात एक कागद वाया गेला. शेवटी ठरवलं, तू कितीही शिकलीस तरी चुलता मीच आहे.) इकडे सगळे खुशाल. तुझी काकू प्रयागबाई गुडघ्यानं हैराण आणि जिभेनं ठणठणीत आहे. तुझ्या वडिलांचं विचारशील, तर रामदास माझा सख्खा धाकटा भाऊ असला तरी दसऱ्याच्या आधीपासून आमचं बोलणं नाही. लांबून पाहता पोट सुटलेलं दिसतं. तुला पुण्यात डबा बरा मिळतो ना? तू दुर्बिणीतून बघतही नाहीस, बसून नुसती विश्वाची गणितं मांडतेस, हे कळल्यापासून काकूला तुझ्या जेवणाची जास्तच काळजी लागली आहे.

तर झालं ते असं, आणि दोष सगळा तुझा आहे. गणपतीत मंडळानं तुझं व्याख्यान ठेवलं, तिथून हे सुरू झालं. तू म्हणालीस की विश्वात न दिसणारं पुष्कळ द्रव्य आहे आणि त्याच्या ओढीवरून ते ओळखायचं. त्यावर आपला शेरडंवाला रखमाजी उठून म्हणाला, "म्हंजी उसातला बिबट्या. दिसत कुनालाच न्हाई, पर शेरडं कमी व्हत्यात." तू त्याला शाबासकी दिलीस. (द्यायला नको होती. तेव्हापासून घोडेगावच्या बाजारात तो आपलं मत विचारल्याशिवाय सांगतो.) पुढं तू सांगितलंस की दीर्घिका कुठं पळत नाहीत, मधली जागाच वाढते. हे वाक्य तुझ्या वडिलांनी पहिल्या रांगेत बसून, मान डोलवत ऐकलं. माणूस शाळेत कधी एवढं लक्ष देऊन बसला नव्हता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पाऊस उघडल्यावर मी शेतात गेलो, तर आम्हा दोघा भावांमधला बांध माझ्या अंगाला सरकलेला. दरवर्षी रामदासच्या ट्रॅक्टरचा फाळ बांधाला चाटून जातो, हे मला ठाऊक आहे, पण या वर्षी त्यानं पोटभर खाल्लं होतं. मी चार माणसांत जाब विचारला. तर शांतपणे म्हणतो, "तात्या, म्या बांधाला हातबी लावला न्हाई. पोरगी म्हनली न्हवं का, मधली जागाच वाढती." मी म्हणालो, विश्व वाढतंय, तर माझं शेत का घटतंय? त्यावर म्हणतो कसा, "त्ये आजून संशोधनात हाय."

लोक हसले. मला राग आला आणि मी मोजणी मागवली. मोजणीवाले साहेब आले, यंत्र उभं केलं. यंत्र सांगतं एक आणि जुना नकाशा सांगतो दुसरंच. साहेबांचा चेहरा उतरला. रामदासनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, तुमी मनाला लावून घेऊ नका, आमच्या पोरीच्या सायबांच्याबी दोन मोजण्या जुळत न्हाईत. जुन्या उजेडावरून विश्वाच्या वाढीचा वेग एक येतो, जवळच्या ताऱ्यांवरून दुसरा, आणि मोजणी चुकली आहे की नियमच निराळा आहे, हे जगात कुणाला ठाऊक नाही, हे सगळं त्यानं बांधावर उभं राहून समजावलं. मग साहेबांना चहा पाजला. (चहा आमच्या घरचा. बोलणं बंद आहे, पण काकूकडे चहा मागायला त्याला त्याची अडचण येत नाही.)

आता घोडेगावचे बाळासाहेब वकील म्हणतात, दावा लावू. कागद तयार आहे, फक्त माझी सही राहिली आहे. ते म्हणतात, समोरच्याचा सगळा आधार त्याच्या मुलीवर, तेव्हा मुलीकडूनच उलटा दाखला आणा. म्हणून हे पत्र. (फोनवर तू "तात्या, मीटिंग आहे" म्हणतेस.) विश्व वाढत असलं तरी आपल्या बांधाला ते लागू नाही, एवढं तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून शिक्का मारून पाठव. शिवाय वाढीमागचा तो जोर हल्ली कमी होत असावा, अशी काहींना शंका आहे, असंही तू म्हणाली होतीस. रामदासचा कधी कमी होईल, तेही जमल्यास कळव.

तुझा
भगवंततात्या

ता. क. काकू म्हणते, दाखल्याची गरजच नाही, तू हे व्याख्यानातच सांगितलं होतंस. मी तेव्हा प्रसाद वाटायला उठलो होतो. जे एकमेकांना धरून असतं ते या वाढीत लांब जात नाही, सूर्याला धरून असलेली पृथ्वी जात नाही, मग तिच्यावरचा बांध कुठं जाणार, असं तिचं म्हणणं. म्हणजे दावा मी जिंकलो. पण बाई एवढ्यावर थांबेल तर ना. म्हणाली, "मंग तुमी दोघं कशापायी लांब चाललाय, त्ये इचारा पोरीला." मी विचारत नाही. पण या दसऱ्याला त्याला सोनं द्यायचं राहिलं आणि ते मला लागून राहिलं आहे. जन्मात पहिल्यांदाच राहिलं.

आणखी एक. माझी मोटरसायकल पंक्चर आहे, म्हणून हे पत्र पोस्टात टाकायला काकू रामदासकडेच देणार आहे. दुसऱ्याची पत्रं उघडून वाचायची त्याची खोड लहानपणापासूनची, म्हणून पाकिटाला डिंक बेतानंच लावला आहे. आत आपट्याची दोन पानं ठेवली आहेत. ती तुझ्यासाठी नाहीत. पाकिटात सापडली नाहीत, तर दाखला पाठवू नकोस.