परत आलेली केबल

आई, आज कपाट आवरताना तुझी सोल्डरिंगची पेटी हाती लागली. तुला जाऊन खूप वर्षं झाली, आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय, ती त्याच्याही आधीची आहे.

उल्हासनगरला शेठच्या कारखान्यात तू टेपरेकॉर्डरच्या वायरी जोडायचीस. "ताई, आपके हाथ का माल कभी वापस नहीं आता," असं शेठ म्हणायचा, आणि घरी भाजी चिरता चिरता तू ते दोनदा तरी ऐकवायचीस. आम्ही तुला चिडवायचो. मग मला अंबरनाथच्या कंपनीत नोकरी लागली. तिथल्या स्टोअरमधला जुना कॉम्प्युटर नव्या नेटवर्कला जोडायचा होता. त्यात नेटवर्कचं कार्ड बसेना, तेव्हा मागच्या सिरीयल पोर्टमधून ऑफिसपर्यंत केबल ओढू, असं मी साहेबांना मोठ्या तोंडाने सांगितलं. केबल तू बनवलीस. मी कागदावर आकृती काढून दिली आणि तू स्वयंपाकघरात पाटावर बसून, जीभ दातांत धरून सोल्डरचा एकेक टाका दिलास.

ती लावतात कशी, ते तुला बघायचं होतं. इस्त्रीची साडी नेसून, सोल्डरिंगची पेटी मांडीवर घेऊन तू ऑफिसात खुर्चीच्या कडेला बसली आहेस. मी बटण दाबते आणि स्क्रीनवर अक्षरांचा नुसता कचरा येतो. पुन्हा दाबते, पुन्हा कचरा. साहेब मागे उभे आहेत, माझे कान तापलेत. मी म्हणते, "सर, केबल घरी बनवलीय ना, आईच्या हातून काहीतरी चुकलं असणार." तू पदर खोचून खाली बसलीस. कनेक्टर उघडून डोळ्यांजवळ नेलास. "मला तर बराबर दिसतंय गं." मी म्हटलं, "तुला नीट दिसत नाही आता." सगळ्यांसमोर म्हटलं. तू सगळे टाके काढून पुन्हा दिलेस. कचरा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूक सापडली. दोन्ही टोकांच्या कॉम्प्युटरवर अक्षरं पाठवायचा वेग सारखा लावावा लागतो. मी एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे ४८०० लावला होता. कचरा का होईना, काहीतरी येत होतं, म्हणजे केबल धड होती. एवढं साधं मला कळायला हवं होतं. आकडा बदलला आणि सुरू झालं. संध्याकाळी तू दारातच विचारलंस, "लागलं का?"

"लागलं."

"मग टाके पुन्हा दिले ते बरं झालं," म्हणालीस. मला लाज वाटली आणि मी हात धुवायला गेले.

महिन्याभरात तू काम सोडलंस. शेठ समजवायला घरी आला. "ताई, आपका माल कभी वापस आया है क्या?"

"आलाय ना शेठ. माझ्या पोरीकडूनच आलाय. आता नजर गेली माझी."

मी आत चहा गाळत होते. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी बाहेर आले आणि शेठपुढे कपबशी धरली.

पुढे किती वर्षं तू दाराशी बसून तांदूळ निवडायचीस आणि ताट माझ्यापुढे सरकवायचीस, "खडे राहिले नाहीत ना, बघ गं." मी बघायचे. एकही नसायचा. तरी दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा पुढे यायचं, आणि मी पुन्हा बघायचे.

हे सगळं लिहिलेला हा कागद आता तुझ्या पेटीतच ठेवते. परवा तुझा धाकटा लेक त्याच्या मुलीला सांगत होता, "आजीचे डोळे लवकर गेले, म्हणून तिने काम सोडलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हो ना गं, ताई?"

मी हो म्हटलं.