नाकावरची पुटकुळी आणि माझा शांत स्वभाव

सोमवार, ४ मार्च
आजचा दिवस सोन्याचा! समोरच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढणारी (माझ्यापुरती ‘चष्मेवाली’) आमच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आली. फोटो मालकांनी काढला, रिटचिंग अर्थातच अस्मादिकांकडे. एरवी एक चेहरा मी चहा निवायच्या आत उरकतो. आज जीव ओतला. डोळ्यांखालची वर्तुळं साफ, कपाळ लख्ख. हनुवटीवर एक काळा ठिपका होता. लेन्सवरची धूळ असणार. उडवला.
ती घाईत होती. फोटोंचं पाकीट न उघडताच पर्समध्ये टाकलं. केवढा हा विश्वास!

बुधवार, ६ मार्च
चष्मेवालीचा मेसेज!! रविवारी कॉफीला भेटाल का, थोडं बोलायचंय, दुकानात नको.
दुकानात नको! यातच सगळं आलं. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, हुरळून जाऊ नकोस. मी कुठे हुरळतोय? मला टेन्शनही येत नाही. पहिल्यापासून स्वभावच थंड. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे. झोपही लागेना, ती उशीमुळे.

गुरुवार, ७ मार्च, सकाळ
नाकाच्या शेंड्यावर पुटकुळी. ऐन शेंड्यावर! गालावर एवढी मोकळी जागा पडलीय, तिथे नको का यायला?

गुरुवार, दुपार
केमिस्टकडे गेलो. म्हणाला, कसलं टेन्शन घेतलंय का? टेन्शनमध्ये त्वचा जास्त तेलकट होते, असलेली पुटकुळी आणखी सुजते. चेहरा सौम्य साबणाने धुवा, नीट झोपा, आणि काहीही झालं तरी हात लावू नका. मी सांगितलं की मला टेन्शन नाही. तो म्हणाला, मग ओरडताय कशाला? दुकानातले सगळे बघायला लागले. क्रीम घेऊन निघालो. पातळ थर लावायचा म्हणे. पातळ लावलं तर फरकही पातळच पडणार. चांगलं लिंपलं.

शुक्रवार, ८ मार्च
नाकाची सालं निघतायत. पुटकुळी ठणठणीत.
आजपासून मनःशांती. मोबाइलवर श्वासाचं ॲप घेतलं. त्यातली बाई म्हणते, विचार येऊ द्या, जाऊ द्या. येतायत धडाधड, जायचं नाव नाही. मालकांनी विचारलं, कॉम्प्युटरमधून फुसफुस आवाज येतोय का?
त्यात एक गिऱ्हाईक भांडायला आलं. आजोबांचा मोठा फोटो करायला दिला होता, त्यांच्या गालावरची चामखीळ कुठे गेली? घरात कोणी त्यांना ओळखेना म्हणे. आता मी माणूस वीस वर्षांनी तरुण करून दिला, तर त्याचं काही नाही! मालकांनी सगळ्यांसमोर झापलं. पुन्हा असं केलंस तर घरी बस म्हणाले. मी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी पुटकुळीशेजारी दुसरी उगवली.

शनिवार, ९ मार्च
संकल्प: नाकाला हात लावायचा नाही. आरशात बघायचं नाही. लवकर झोपायचं.
दुपार: हात लावला नाही. फक्त दाबली.
संध्याकाळ: आता ती पुटकुळी राहिली नाही, प्रकरण झालंय. ताई भाचीला घेऊन आली होती. भाचीने विचारलं, मामा, हे नाक कोणाचं लावलंस? ताई हसून हसून सोफ्यावरून घसरली. सख्खी बहीण!
उद्या पट्टी लावून जायचं. क्रिकेट खेळताना बॉल लागला असं सांगायचं. उलट छाप पडेल.

रविवार, १० मार्च
लिहायला हात होत नाही, पण लिहितो.
चष्मेवाली आधीच येऊन बसली होती. मी बसताबसता बॉलचं सांगून टाकलं. तिने विचारलंच नव्हतं. मग तिने पर्समधून पासपोर्टचा फोटो काढला. ऑफिसात नापास झाला म्हणाली. तिच्या हनुवटीवर तीळ आहे, फोटोत नाही. परत खेटे घालावे लागणार. दुकानात येऊन बोलले असते, तर मालकांनी तुम्हाला काढून टाकलं असतं, त्यांची आरडाओरड आमच्याकडेही रोज ऐकू येते, म्हणून इथे बोलावलं.
म्हणजे कॉफी यासाठी होती.
मग हळूच म्हणाली, एवढं काय वाईट होतं हो माझ्या चेहऱ्यात?
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेहरा तिचा, पुसणारा मी कोण? काय सुचलं कोण जाणे, सरळ पट्टी ओढून काढली. म्हटलं, वाईट हे बघा. बॉलबिल काही नाही, तुमच्या मेसेजपासून आलंय. आधी ती बघत राहिली, मग अशी हसली की वेटर पळत आला. म्हणाली, पट्टी नसती तर माझं लक्षही गेलं नसतं. घरी येऊन जेवलो आणि मेल्यासारखा झोपलो.

सोमवार, ११ मार्च
नाक बरंच बसलंय. नुसतं झोपून!
चष्मेवाली फोटोला आली. या वेळी मी स्वतः काढला. रिटचिंग नाही, ब्रशला हातसुद्धा लावला नाही. तीळ जागच्या जागी. जे जे चेहऱ्यावर होतं, ते ते फोटोत. देताना ऊर भरून आला. माणूस असा सुधारतो.
थोड्या वेळाने ती पाकीट घेऊन परत. म्हणाली, अहो, तीळ ठेवा म्हटलं होतं, कपाळावरची ही पुटकुळी कोणी ठेवायला सांगितली? पासपोर्टच्या टेन्शनने कालच आलीय, चार दिवसांत जाईल, आणि पासपोर्टवर दहा वर्षं राहील!
मी समजुतीने सांगितलं की टेन्शन घेऊ नका, नीट झोपा, आणि हात अजिबात लावू नका.
तिने माझ्या नाकाकडे बघितलं आणि निघून गेली.