बावीस वर्षं तुझ्या दोरावर

शेलूबाजार
ता. ९ मार्च १९७८

प्रिय गफ्फार,

तुझा निरोप सेवालालनं काल बाजारात दिला. अगदी तुझ्यासारखे हात उडवत, तुझ्याच आवाजात: "त्याले सांग, रुसवा पुरे झाला. प्रयागबाईच्या विहिरीचं पाणी उपसून झालं. परवा खाली उतरतो. दोर टांगून ठेवला अन् तू काहून तिथं शाई सांडत बसला?" शेजारचा केळेवाला हसला, मीही हसलो. मग राग आला आणि रात्र उलटली तरी उतरेना, म्हणून सकाळीच कागद पुढे ओढला. तुला जोडाक्षरं जड जातात, तेव्हा मोठ्या अक्षरात लिहितो. सावकाश वाच, पण पुरतं वाच.

आधी खुशाली सांगतो. एस.टी. थांब्याजवळच्या निंबाखाली बसतो. पुढ्यात एक पेटी, तिच्यावर फळी. कोणाला तलाठ्याकडे अर्ज हवा असतो, कोणाला सासरच्या लेकीला पत्र. लोक 'अर्जवाले दौलतराव' म्हणू लागलेत. तीस वर्षं घण मारून बोटांची कातडी अशी झाली, की पेन धरला की सुटला हेच समजत नाही. पहिल्या महिन्यात तीन निबा मोडल्या. पण खाली चार कार्बन घातले तरी शेवटची प्रत ठळक उठते, त्यामुळे पाटील मंडळी खूश आहेत. पाठ आता सकाळी उठू देते. फक्त ऊन चढलं की दंड वजन शोधतात. रिकामे रिकामे वाटतात. वच्छला म्हणते, "घरचं जातं उचलून ठेवा मग इकडचं तिकडं." तिला थट्टा सुचते, कारण मी वर आलोय याचंच तिला समाधान आहे.

आठवतं ना, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी ठरवलं होतं की यापुढे कागदावर अंगठा उठवायचा नाही. विहिरीच्या तळाशी पांढरा खडा घेऊन काळ्या पाषाणावर गिरवायचो. तू वरून वाकून ओरडायचास, "काय लिवून राह्यला बे, मले बी शिकव." मग दुपारच्या भाकरीनंतर तुझीही शाळा. कालचा धडा आज सुरुंगात उडायचा, पुन्हा नव्या दगडावर 'ग' काढायचा. तुझ्या 'ग'चा काना नेहमी पडलेला. बिस्मिल्ला भाभी म्हणाली होती, "इनको कुएँ में बिठाओ तो ही पढ़ते हैं."

आणि ती कामरगावची विहीर. पाणी लागलं तेव्हा मालकानं तुला गडव्यात पाणी दिलं आणि मला म्हणाला, "तू ओंजळ धर, वरून घालतो." तू गडवा तसाच जमिनीवर ठेवलास. "मले तहान नाही लागली," म्हणालास. एप्रिल महिना होता. आपण दोघं तीन कोस तहानलेले चालत आलो. हे मी विसरलेलो नाही गफ्फार, म्हणूनच पुढचं गिळता येत नाही.

डोळ्याचं तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दगडाची कपची उडाली, डावा डोळा गेला, त्याला आठ वर्षं झाली. लोकांना कळलं तर मला कोणी कामावर घेणार नाही, म्हणून तू गावभर सांगितलंस, दौलतचे डोळे आले. त्या दिवसापासून तू माझ्या डाव्या अंगाला चालायला लागलास. समोर बैलगाडी आली की कोपरानं ढकलायचास. वच्छलालासुद्धा वर्षभर पत्ता लागला नाही.

मागच्या उन्हाळ्यात नव्या शाळेत शिपायाची जागा निघाली. एकावन्नाव्या वर्षी मला कोण विचारणार, पण लिहिता-वाचता येणारा, भरवशाचा माणूस हवा होता आणि रामराव शाळेच्या मंडळावर होते. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, सायकलवर टपाल आणायचं. दोन्ही डोळे धड हवेत, हा नियम मोडला मीच. दोन्ही डोळे चांगले असं लिहून दिलं. अर्ज तुलाच आधी वाचून दाखवला होता. तू म्हणालास, "झकास. मास्तरपेक्षा अक्षर बेस हाय." पाठीवर थाप मारलीस. वच्छलानं खाकी कापड आणून ठेवलं. मी सायकलवर रोज सकाळी माळापर्यंत जाऊन यायचो, मान डावीकडे वळवायची सवय करायची म्हणून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तू भाकरी आणायला गावात गेला होतास, तेव्हा रामराव प्रयागबाईच्या विहिरीवर आले. सायकलवरून उतरले नाहीत. म्हणाले, "दौलतराव, डोळ्याचं आमच्यापासून लपवलं तुमी. बरं झालं, तुमच्याच जोडीदारानं वेळेवर सांगितलं. म्हणे, शाळेची पोरं सायकलखाली येतील." मी विचारलं, कोणत्या जोडीदारानं? ते नवलानं पाहू लागले. "तुमाले किती जोडीदार हायेत?"

तुला वाटत असेल, नोकरी हुकली म्हणून रुसलो. नोकरी गेली त्याचं मला तितकं नाही. तू का बोललास तेही मला समजतं. तुझं वय झालं, दुसऱ्याच्या दोरावर तू उतरत नाहीस आणि तुझ्या रागीट तोंडापायी दुसरा कोणी तुझा दोर धरत नाही. मी वर गेलो असतो तर तुझंही काम बसलं असतं. पण एकदा तरी तोंडानं म्हणायचं होतंस, "दौलत, मले सोडून जाऊ नको." मी कदाचित गेलोच नसतो. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि त्याच पावली रामरावांच्या ओसरीवर गेलास. बावीस वर्षं तुझ्या हातातल्या दोरावर मी निवांत लोंबकळलो, कधी मान वर करून पाहिलं नाही.  आता झोपेतसुद्धा दोर धरल्यासारखी मूठ वळते.

तर मी येणार नाही. तू बोलावलं नाहीस आणि मी रुसलोही नाही, असं समज. तुझा दोर मला धरवणार नाही आणि तुझ्या दोरावर उतरवणार नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण लाज आडवी आली. रामराव येऊन गेले त्याच दिवशी संध्याकाळी आपण पाच सुरुंग लावले होते. बत्ती देऊन मी वर आलो. आपली रीत अशी, की खालून धापा टाकत आलेल्यानं मोजायचं नाही, वरच्यानं मोजायचं आणि त्याचा आकडा खरा. तू म्हणालास, "पाच झाले." मी चार ऐकले, गफ्फार. पाचवा म्हणून तू जो मोजलास तो चौथ्याचा घुमारा होता. एरवी मी तुला थांबवलं असतं. त्या दिवशी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आलो नाही, तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, विहीर भरली आणि मी मनाला सांगत राहिलो की पाण्यानं दारू मेली असेल. मेली की जिवंत आहे, मला ठाऊक नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात, दगडांच्या ढिगाखाली त्या न उडालेल्या पाचव्याचं भोक आहे. तिथं सब्बल-पहार लावू नको, कोणाला उतरू देऊ नको, कारंज्याहून जाणकार माणूस आण. तू बोललास आणि माझी जागा गेली. मी नऊ महिने गप्प राहिलो ते कशापायी, हे मला स्वतःलाच विचारायची भीती वाटते. हा कागद सेवालालच आणतोय; त्याला बजावलंय, तुझं वाचून होईपर्यंत दोरावर बसून राहा, कोणी खाली उतरता कामा नये. इथवर वाचून तुला समजलं, की त्याला उठू दे.

'पूर्वीचा तुझा' असं लिहिलं होतं, पण खाडाखोड केली.

तुझाच,
दौलत